वस्त्रें, मान आणि मायना : युरोपांतील दरबारी शिष्टाचारावरील ग्रंथांचें परीक्षण

युरोपखंडांतील राजदरबारांचे शिष्टाचार, तेथील आसनांचे क्रम, मुजऱ्याच्या रीती, कोणी कोणापुढें चालावें व कोणी मागें राहावें यांविषयींचे तंटे, या विषयावर तिकडील विद्वानांनीं गेल्या साठ-सत्तर वर्षांत विपुल लेखन केलें आहे. आपल्याकडील संशोधकांच्या वाचनांत तें फारसें येत नाहीं. व्हर्सायच्या राजवाड्यांत कोणत्या सरदारपत्नीस राणीपुढें बसावयास चौरंग मिळाला व कोणतीस उभें राहावें लागलें, याच्याशीं आम्हां मोडी कागद वाचणारांस काय कर्तव्य, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु ज्यानें एखाद्या जुन्या पाटलाच्या किंवा देशमुखाच्या घरचा रुमाल सोडून पाहिला आहे, त्यास हें ठाऊक असतें कीं, त्यांत कांहीं कागद वसुलाचे, कांहीं शेताबांधाचे, आणि बरेचसे मानपानाचे असतात. पोळ्याच्या दिवशीं वेशींतून बैल प्रथम कोणाचा जावा, होळीस पोळी प्रथम कोणी बांधावी, लग्नांतला विडा व टिळा आधीं कोणास, कागदावर नांगर कोणाचा वर व कोणाचा खालीं. या गोष्टींसाठीं पिढ्यान्‌पिढ्या भांडणें चाललीं, गोतसभा बसल्या, दिव्यें झालीं आणि घरें कर्जांत बुडालीं. तेव्हां युरोपांतील मंडळी या विषयाकडे कोणत्या दृष्टीनें पाहतात, आणि ती दृष्टि आमच्या कागदांस कितपत लागू पडते, हें तपासून पाहणें निरर्थक होणार नाहीं.

या विषयाच्या चर्चेंत जर्मन पंडित नॉर्बर्ट एलियास यांच्या दरबारी समाजावरील ग्रंथाचें नांव सर्वत्र प्रथम घेतलें जातें. ग्रंथाचा गाभा त्यांनीं १९३३ च्या सुमारास सिद्ध केला होता. तो छापून निघाला १९६९ सालीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, फ्रान्सचा चौदावा लुई यानें तलवारबहाद्दर सरदारांस आपल्या वाड्यांत आणून बसविलें, आणि सकाळीं राजाच्या अंगांत सदरा कोणी घालावा, मेणबत्ती कोणी धरावी असल्या मानांच्या मोहांत त्यांस असें गुंतविलें कीं, बंड करण्याचें त्राण त्यांच्यांत उरलें नाहीं. मान हा राजाच्या हातांतला लगाम, आणि तो कमीजास्त ओढून राजा सर्वांस चालवीत असे. विचार मोठा चतुर आहे व मांडणीहि रेखीव आहे. पण एलियास यांचा बराचसा भार सँ-सिमाँ नांवाच्या एका ड्यूकाच्या स्मरणग्रंथावर पडलेला आहे. हा ड्यूक कोण, तर राजानें आपल्या अनौरस पुत्रांस ड्यूकांच्या वर बसविलें म्हणून जन्मभर मनांत जळणारा मनुष्य. त्याच्या दृष्टीनें सारा दरबार म्हणजे मानापमानाचा खेळ असणार हें उघड आहे. एकाच रुष्ट बखरकाराच्या आधारें आपण कोणत्याहि छत्रपतींचा इतिहास लिहीत नाहीं, आणि कोणी लिहिलाच तर हें त्रैमासिक त्याचा समाचार घेतल्यावांचून राहत नाहीं. तिकडेहि तसेंच झालें. डच पंडित येरून डाउंडाम यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, सरदार इतके माणसाळलेले नव्हते. राजासहि जुन्या वहिवाटीचीं बंधनें होतीं. आणि मान हा केवळ वरून खालीं दिला जाणारा प्रसाद नव्हता. आपल्याकडील कांहीं लेखक पेशवे दरबारावर लिहितांना एलियास यांस अजून आप्तवाक्य मानतात. त्यांनीं डाउंडाम यांचें पुस्तक अवश्य वाचावें.

या वादांतून निघणारा एक धडा आम्हांस फार उपयोगाचा आहे. समारंभाचा विधि सांगणारा ग्रंथ आणि समारंभाचें प्रत्यक्ष वृत्त या दोन निराळ्या वस्तू आहेत, हा भेद तिकडील विद्वान कटाक्षानें पाळतात. मीमांसेचा परिचय असणारास हें नवें नाहीं. विधिवाक्य हें काय करावें तें सांगतें, काय झालें तें सांगत नाहीं. तरी शिवराज्याभिषेकाविषयीं लिहितांना आपण हा भेद वारंवार विसरतों. गागाभट्टांचा 'श्रीशिवराजाभिषेकप्रयोग' हा प्रयोगग्रंथ आहे. त्यांत सांगितलेलें प्रत्येक अंग ६ जून १६७४ रोजीं रायगडावर तसेंच घडलें असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. सभासदानें १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या बखरींत बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनाचें वर्णन आहे. तें स्वामींच्या गौरवासाठीं लिहिलेलें आहे, अर्थवादासारखें वाचावें. त्या दिवशीं हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन यानें नोंदविलेल्या गोष्टी मात्र निराळ्याच. सिंहासनाच्या एका बाजूस भाल्याच्या अग्रावर सोन्याचीं मोठ्या दातांचीं मत्स्यमुखें, दुसऱ्या बाजूस घोड्यांच्या शेपट्या, एका मूल्यवान भाल्याच्या टोकावर न्यायाचें चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू, आणि दरवाजाशीं दोन लहान हत्ती, जे त्या अवघड वाटेनें वर कसे चढविले असतील याचें त्यास मोठें नवल वाटलें. वैदिक अभिषेकाच्या सभेंत हीं माही-मरातबाचीं बादशाही चिन्हें कशीं, याचा विचार प्रयोगग्रंथ घेऊन बसणारास सुचत नाहीं, व ऑक्झेंडन घेऊन बसणारास अभिषेकाचे मंत्र ऐकूं येत नाहींत. दोहोंस एकत्र बसविणारें लेखन मराठींत अजून थोडेंच झालें आहे.

आतां ज्या ग्रंथामुळें हा लेख लिहिण्याची इच्छा झाली त्याकडे वळूं. बार्बारा स्टोलबर्ग-रिलिंगर या जर्मन इतिहासकार बाईंनीं २००८ सालीं 'सम्राटाचीं जुनीं वस्त्रें' अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला; त्याचें इंग्रजी भाषांतर २०१५ सालीं झालें. विषय जर्मन लोकांच्या त्या जुन्या साम्राज्याचा आहे, जें नांवानें रोमन व पवित्र म्हणविलें जात असे आणि १८०६ सालीं बुडालें. १४९५ ची वर्म्सची सभा, १५३० ची आउग्सबुर्गची, १६५३-५४ ची रेगेन्सबुर्गची, आणि १७६४-६५ चा फ्रांकफुर्ट येथील अभिषेकाचा काळ, असे चार प्रसंग घेऊन त्यांनीं साम्राज्याची घटना समारंभांतून वाचून दाखविली आहे. या साम्राज्यास एका कागदावर लिहिलेली घटना नव्हती. कोण राजा, कोण मांडलिक, कोण नुसता जहागीरदार, हें सभेंत कोण कोठें बसतो यावरूनच ठरत असे. म्हणून रेगेन्सबुर्गच्या सभेंत कोणाच्या वकिलाची खुर्ची गालिच्यावर ठेवावी व कोणाची गालिच्याबाहेर, ती तांबड्या कापडाची असावी कीं हिरव्या, यासाठीं महिनेच्या महिने कामें अडून राहत. पूर्वीचे इतिहासकार या भांडणांस हंसत आले. बाईंचें म्हणणें असें कीं, हंसण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. खुर्चीची जागा हाच तेथील कायदा होता. ही गोष्ट त्यांनीं इतक्या साक्षेपानें व इतक्या कागदपत्रांच्या आधारें सिद्ध केली आहे कीं, तिला तोड नाहीं.

ग्रंथाच्या शेवटच्या भागांत १७६४ चा फ्रांकफुर्टचा समारंभ येतो. त्या वेळीं चौदा वर्षांचा असलेला कवि गटे यानें तो पाहिला होता व उतारवयांत आपल्या आत्मवृत्तांत त्याचें वर्णन केलें. अभिषेकानंतरच्या मेजवानींत प्रत्येक निर्वाचक राजासाठीं मेज मांडलें होतें, चांदीचीं भांडीं लावलीं होतीं. धर्मगुरु असलेले निर्वाचक तेवढे आपल्या जागीं बसले, पण बाकीच्यांचीं मेजें रिकामीं राहिलीं, कारण ते राजे आलेच नव्हते. यावरून बाई असें अनुमान काढतात कीं, या काळापर्यंत साम्राज्याचा समारंभ हें एक सर्वसंमत ढोंग झालें होतें. त्यावर कोणाचाच विश्वास नव्हता, पण आपला विश्वास नाहीं असें कोणीच उघड बोलत नव्हता. आणि हें मौन पाळलें जात होतें तोंवरच साम्राज्य उभें होतें. ग्रंथाचें नांव त्या सुप्रसिद्ध नागव्या राजाच्या गोष्टीवरून घेतलें आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

मला हा निष्कर्ष मान्य नाहीं. निदान आमच्या इकडच्या वस्त्रांस तो लागू पडत नाहीं असें मला वाटतें.

पेशवाईचीं वस्त्रें हा विषय सातारा जिल्ह्यांत राहणारास परका नाहीं. आमचें खंडाळा पुणें-सातारा रस्त्यावर, खंबाटकीच्या घाटाखालीं आहे. आणि पुणें व सातारा या दोन गांवांमध्यें वस्त्रांचा जो व्यवहार झाला तोच अठराव्या शतकांतील मराठी राज्याची अलिखित घटना होय. बाळाजी विश्वनाथास १७१३ सालीं मांजरी येथें, बाजीरावास १७२० सालीं कऱ्हाडाजवळ मसूर येथें, व बाळाजी बाजीरावास १७४० सालीं साताऱ्यास वस्त्रें मिळालीं. तोंपर्यंत देणारा शाहू महाराज हा खरोखरीचा धनी होता. तेव्हां यांत नवल कांहीं नाहीं. नवल पुढें आहे. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्यें वारले. १७५० च्या नोव्हेंबरांत ताराबाईनें रामराजास अजिंक्यताऱ्यावर अटकेंत ठेविलें. त्यानंतर पेशवाई असेपर्यंत साताऱ्याच्या छत्रपतीच्या हातीं राज्यकारभार परत आला नाहीं. तरी पानिपतानंतर १७६१ सालीं सोळा वर्षांच्या माधवरावास वस्त्रें त्याच रामराजाकडून घ्यावीं लागलीं. १७७३ त नारायणरावाचा वध झाल्यावर रघुनाथरावानें साताऱ्याहून वस्त्रें मिळविलीं. आणि १७७४ त बारभाईंनीं पुरंदरावर अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावासाठीं पुन्हां वस्त्रें आणविलीं. १७९६ त एकाच वर्षांत प्रथम चिमाजी अप्पास व मग दुसऱ्या बाजीरावास वस्त्रें झालीं.

स्टोलबर्ग-रिलिंगर बाईंनीं हा वृत्तांत वाचला तर त्या म्हणतील, पाहा, जो बळी त्यास वस्त्रें. म्हणजे हें रिकाम्या मेजांसारखेंच ढोंग. वरवर पाहतां तसें दिसतें खरें. पण मग नाना फडणिसासारख्या व्यवहारी पुरुषानें पाळण्यांतील अर्भकासाठीं एवढा खटाटोप कां केला? कोणाच्या डोळ्यांत धूळ टाकण्यासाठीं म्हणावें, तर सातारचा छत्रपति स्वतंत्र नाहीं हें दिल्लीपासून मद्रासेपर्यंत सर्वांस ठाऊक होतें. धूळ टाकावयाची म्हणजे कोणी तरी न पाहिलेलें असावें लागतें.

माझ्या मतें याचें उत्तर आमच्याच देवस्थानांत आहे. जमीन इनाम देतात ती देवाच्या नांवें. सनदेंत नांव देवाचें. नांगर धरतो दुसराच, व वहिवाट करतो गुरव किंवा पुजारी. शाबरभाष्यांत देवतेचें स्वामित्व खरें नव्हे असा सिद्धांत आहे, हें संस्कृतज्ञांस माहीत आहे. परंतु व्यवहारांत, आणि पुढें इंग्रजी न्यायालयांतहि, देव हाच धनी धरला गेला. म्हणून गुरव ढोंग करतो असें कोणी म्हणत नाहीं. मूर्ति हात हलवीत नाहीं हें त्यास ठाऊक आहे, गांवास ठाऊक आहे, आणि तरी गुरवकी खरी आहे, कारण ती मूर्तीच्या सामर्थ्यावर अवलंबून नसून तिच्या स्थानावर अवलंबून आहे. सातारची 'गादी' हा शब्द हेंच सांगतो. धनी गादी, तीवर बसणारा रामराजा समर्थ असो वा नसो. युरोपांतील कांटोरोविच नांवाच्या पंडितानें १९५७ सालीं राजाचीं दोन शरीरें, एक मर्त्य व एक अमर, या कल्पनेवर मोठा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि तेव्हांपासून आपल्याकडील इंग्रजींत लिहिणारे लोक सातारच्या छत्रपतीसहि दोन शरीरें जोडूं लागले आहेत. ही जोडणी अनावश्यक आहे. आमच्याकडे दुसरें शरीर लागत नाहीं, गादी पुरते.

१७९२ च्या जून महिन्यांत पुण्यास झालेली फर्मानबाडी या विषयांतील सर्वांत श्रीमंत प्रसंग होय. महादजी शिंद्यांनीं पेशव्यांसाठीं दिल्लीच्या बादशाहाकडून वकील-इ-मुतलकीचें फर्मान आणलें. मोठा शामियाना उभारला, बादशाहाच्या जागीं रिकामें तख्त मांडलें, आणि अठरा वर्षांच्या सवाई माधवरावानें त्या रिकाम्या तख्तापुढें मुजरा करून नजर ठेविली. फ्रांकफुर्टचीं रिकामीं मेजें व पुण्याचें रिकामें तख्त यांत अंतर अठ्ठावीस वर्षांचें. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत हें सर्व तपशिलानें दिलें आहे. तो सांगतो कीं, बादशाही किताब घेण्यास नानाचा विरोध होता, शेवटीं सातारकर छत्रपतीची रीतसर संमति आणून तो प्रश्न मिटविला गेला, व कांहीं मानकऱ्यांनीं शिंद्यांच्या या सोहळ्यांत सामील होण्याचें नाकारलें. आंधळा केलेला बादशाह व अटकेंतील परंपरेचा राजा, या दोघांची संमति असल्यावांचून पुण्यांत एक पोषाख अंगावर चढत नव्हता. हें ढोंग मानलें तर फार महागडें ढोंग म्हणावें लागेल.

त्याच वेळचा महादजींच्या जोड्याचा प्रसंग सर्वांस पाठ आहे. पेशव्यांच्या भेटीस गेले असतां ते वतनदार सरदारांच्या खालीं बसले. बगलेंतलें गांठोडें सोडून नवा जोडा पेशव्यांपुढें ठेविला, हाच आपल्या वडिलांचा धंदा असें म्हणाले, आणि पेशव्यांचा जुना जोडा उचलून घेतला. मालकमपासून आजपर्यंत बहुतेक इंग्रजी लेखकांनीं यावरून एकच बोध घेतला: सेवक म्हणवून घेऊन महादजी धनी झाले. एलियास यांच्या अनुयायांस तर हा प्रसंग आयताच सांपडतो. परंतु ते 'पाटील' म्हणवून घेत, या गोष्टीकडे हे लेखक नम्रतेचा आणखी एक प्रकार म्हणून पाहतात, व तेथेंच फसतात. शिंदे हे आमच्याच जिल्ह्यांतील कण्हेरखेडचे पाटील. पाटीलकी हें वतन. तें कोणाच्या खुशीची चाकरी नव्हे. पेशव्यांचीं वस्त्रें पेशव्याबरोबर संपत व पुढल्यास नवीं आणावीं लागत. पाटीलकीस वस्त्रें लागत नाहींत, ती बापाकडून मुलाकडे आपोआप चालते, आणि तिचा निवाडा गोतानें करावयाचा. ज्या दरबारांत धनी स्वतः साताऱ्याच्या वस्त्रांवर बसलेला, त्या दरबारांत स्वतःस पाटील म्हणविणें यांत नम्रता किती आणि टोमणा किती, हें नाना फडणिसास समजत असलें पाहिजे. 'सेवक' हा शब्द त्या दिवसापुरता होता. 'पाटील' हा शब्द पिढीजात होता.

येथें युरोपांतील ग्रंथ आणि आमचे कागद यांची फारकत होते. तिकडील दरबारांत मान राजापासून उगम पावतो, किंवा निदान राजाच्या समोर लढविला जातो. १६६१ सालीं लंडनांत स्वीडनच्या वकिलाच्या स्वागतास निघालेल्या फ्रेंच व स्पॅनिश वकिलांच्या गाड्या पुढें कोणाची यावरून जुंपल्या, रस्त्यांत माणसें मेलीं, व पुढल्या वर्षीं स्पेनच्या राजास माघार घ्यावी लागली. हा तंटा आमच्या वेशींतल्या बैलांच्या तंट्याहून प्रकारानें निराळा नाहीं. पण बैलांचा मान वतनाचा अंश होता. तो विकतां येई, गहाण टाकतां येई, आणि भावांत वांटतां येई. निम्मी पाटीलकी विकली तर खरेदीपत्रांत जमिनीच्या व हक्कांच्या जोडीस मानाची फोड केलेली असते: शिरपाव एकानें आधीं घ्यावा, विडा दुसऱ्यानें, पोळ्याचा बैल थोरल्याचा उजवीकडून, धाकट्याचा डावीकडून, दसऱ्याचें पूजन एकत्र. हें सर्व खरेदीदार पैसे मोजून घेत असे, आणि शंभर वर्षांनीं त्याचा नातू तोच कागद घेऊन मजालसींत उभा राहत असे. वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथांत अशा निवाड्यांचें जें विवरण केलें आहे तें आजहि अद्वितीय आहे. जपानी पंडित फुकाझावा यांनीं गांवकामगारांच्या वतनांवर लिहिलें तेंहि तितकेंच मोलाचें. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गांवगाडा' ग्रंथांत या मानपानाचा कंटाळा व तिरस्कार दिसतो. लेखक अंमलदार होता व अशा भांडणांनीं त्याचें डोकें उठलें असावें. तरी प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींची त्याची नोंद सोन्यासारखी आहे. युरोपांत याच्याशीं जवळचें असें मला एकच आढळलें: इंग्लंडांतील खेड्यांत चर्चमधील बसण्याच्या जागा विवक्षित घरांस जोडलेल्या असत, व त्यांसाठीं धर्मन्यायालयांत फिर्यादी होत. दरबारांवर लिहिणारे विद्वान त्या खेडुतांच्या फिर्यादींकडे क्वचितच वळतात. दरबारावरचें पुस्तक निराळें आणि खेड्यावरचें निराळें, ही त्यांची वांटणी मला कृत्रिम वाटते. आमच्याकडे महादजी शिंदे हा एकच मनुष्य दोन्हीं पुस्तकांत येतो.

मानाच्या या वांटणींत महारांची जागा कोणती, याविषयीं मात्र आपलें लेखन अपुरें आहे, व दोष परक्यांस देतां येत नाहीं. महारांच्या बावन्न हक्कांची परंपरा प्रसिद्ध आहे. महारवाड्यांतील होळीचा विस्तव आणून पाटलाची होळी पेटवावयाची, असा परिपाठ कित्येक गांवांचा नमूद आहे. सीमेचा तंटा पडला म्हणजे महाराची साक्ष प्रमाण. हीं मानाचीं अंगें होतीं, आणि त्यांच्याच शेजारीं, बहुधा त्याच कागदांत, वेठबिगार व गांवाबाहेरचा वास हीं लिहिलेलीं असत. मान व अपमान एकाच वतनांत शिवलेले होते. एका बाजूचे लेखक होळीचा विस्तव दाखवून जुना गांव किती सलोख्याचा होता असें सांगतात. दुसऱ्या बाजूचे बिगार दाखवून मानाचा उल्लेखच गाळतात. कागद संबंध वाचला तर दोघांसहि अडचण होते. युरोपांतील ग्रंथांचा एक गुण असा कीं, समारंभांत ज्यास शेवटचें स्थान मिळालें त्याचा विचार ते पहिल्याइतकाच करतात, कारण रांगेस शेवट असल्यावांचून आरंभास अर्थ नाहीं.

आतां मायन्याविषयीं, कारण संग्राहकांचा प्रत्यक्ष संबंध त्याच्याशीं आहे. पाणिनीनें आठव्या अध्यायांत प्रत्यभिवादनासंबंधीं एक सूत्र केलें आहे: आशीर्वाद देतांना नांवाचा शेवटचा स्वर लांबवून उच्चारावा, पण शूद्रास देतांना तसें करूं नये. म्हणजे सामाजिक पायरी व्याकरणांत, एका स्वराच्या मात्रेंत येऊन बसली. मराठी पत्रांत हीच पायरी 'नमस्कार', 'आशीर्वाद', 'दंडवत', 'रामराम', 'जोहार' या शब्दांनीं मोजली जाते. पन्नास हजार फौजेचा धनी असलेला मराठा सरदार ब्राह्मण कारकुनास दंडवत लिहितो व कारकून त्यास आशीर्वाद लिहितो. उलट त्याच पत्राच्या मायन्यांतील 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य' इत्यादि विशेषणांची लांबी सरदाराचें वजन दाखविते. दोन मापें एका पत्रांत एकाच वेळीं चालतात. युरोपांतील कोणत्याहि दरबारी पत्रांत इतकी सूक्ष्म दुहेरी मोजणी मला आढळलेली नाहीं. या शब्दांची किंमत किती होती याचा पुरावा मुंबईच्या इंग्रज सरकारानेंच ठेविला आहे: १७७९ सालीं त्यानें सोनारांस 'नमस्कार' हा शब्द वापरण्याची बंदी केली. व्यापारी कंपनीच्या कौन्सिलास एका अभिवादनाचा निकाल द्यावा लागला. पुढें १८२२ ते १८२५ या काळांत पुण्यास दैवज्ञ सोनार व ब्राह्मण यांच्यामध्यें सामाजिक दर्जाचा व धार्मिक हक्कांचा जो तंटा चालला, त्यावर न. के. वागळे यांनीं १९८० सालीं लिहिलेला निबंध या विषयाचा नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. प्राची देशपांडे यांचा लेखनव्यवहारावरील २०२३ चा इंग्रजी ग्रंथ मोडी कागद व ते लिहिणारे कारकून यांकडे नव्या दृष्टीनें पाहतो. तो आपल्या मंडळींनीं मिळवून वाचावा.

आणि असें असतां आपल्या छापील साधनसंग्रहांची स्थिति काय? कित्येकांत मायना गाळून तेथें टिंबें दिलेलीं असतात. मजकूर तेवढा राजकारणाचा, बाकी शिष्टाचार, अशी संपादकांची समजूत, व कागदाची काटकसर हेंहि एक कारण. ज्या संपादकांनीं तें केलें त्यांच्या श्रमांविषयीं मला पूर्ण आदर आहे. त्यांनीं हजारों कागद वाचविले. पण स्टोलबर्ग-रिलिंगर बाईंचा ग्रंथ वाचल्यावर असें स्पष्ट दिसतें कीं, जें गाळलें तेंच पुष्कळ वेळां पत्राचें खरें राजकारण होतें. एका वर्षीं 'चिरंजीव' लिहिणारा पुढल्या वर्षीं 'राजश्री' लिहितो, तेव्हां मधल्या काळांत कांहीं तरी घडलेलें असतें. आणि तें मजकुरांत लिहिलेलें नसतें.

संग्राहकांची आवडहि याच दिशेची आहे. छत्रपतींचा शिक्का असलेला अर्धा फाटका कागद मोठ्या किमतीस जातो. पाटलाच्या घरचा हातभर लांबीचा मानपानाचा महजर रद्दींत जातो. १९५० सालीं परगणे व कुलकर्णी वतनें, १९५८ सालीं महारकीसारखीं कनिष्ठ गांववतनें, आणि १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटीलकी रद्द झाली. तोंपर्यंत हे कागद न्यायालयांत दाखविण्याचे पुरावे होते, म्हणून घरोघर तुळईवर जपून ठेवलेले असत. हक्क गेल्यावर जपण्याचें कारण गेलें. जत्रेंत पालखीस पहिला खांदा कोणाचा यावरून आमच्या बाजूस वाद होतात, आणि वाद घालणारांपैकीं कोणाच्याहि घरीं तो मान सांगणारा कागद शिल्लक नसतो. मीं विचारून पाहिलें आहे.

तरी ज्यांच्या हातीं असे रुमाल येतात त्यांनीं एवढें करावें. पत्राची नक्कल करतांना मायना व शेवटचें अभिवादन पूर्ण उतरावें, मायन्याच्या वर कागद किती कोरा सोडला आहे तें बोटांनीं मोजून लिहावें. महजराची नक्कल करतांना साक्षींचीं नांवें एका ओळींत सरसकट न मांडतां मूळ कागदावर तीं ज्या जागीं आहेत त्याच जागीं मांडावीं. आणि प्रत्येकापुढें निशाणी नांगराची, तराजूची, आरशाची कीं आणखी कशाची आहे, व ती नांवाच्या वर काढली आहे कीं खालीं, तेंहि नोंदावें.